बेडचं भाडं आणि संगतीचा खर्च

गोव्यात हणजूणच्या एका हॉस्टेलवर, सहा बेडच्या खोलीत, माझी पहिली रात्र ६५० रुपयांत झाली. त्या दिवसाचा एकूण खर्च मात्र ३,१०० रुपये. थिवी स्टेशनापासून टॅक्सी ९००, रात्री सगळ्यांबरोबर बाहेर जेवायला गेले त्यातला माझा वाटा ८५०, परतीच्या टॅक्सीतला वाटा ४००, टॉवेलचं भाडं १०० आणि लॉकरसाठी ऐन वेळी घेतलेलं कुलूप २००. मी जेवले होते वरण-भात आणि सोलकढी. बिल आठ जणांत सारखं वाटलं गेलं आणि त्यात बाकीच्यांची बिअर होती, इसवणाचे, म्हणजे सुरमईचे, तळलेले तुकडे होते.

तेव्हापासून मी हॉस्टेलचा हिशेब दोन रकान्यांत मांडते. एका बाजूला बेडचं भाडं, दुसऱ्या बाजूला संगतीचा खर्च. पहिला आकडा बुकिंगच्या ॲपवर ठळक दिसतो. दुसरा कुठेच लिहिलेला नसतो आणि एकट्यानं निघालेल्या माणसाचं बजेट तोच कोलमडवतो. संगत नको, असं मी मुळीच म्हणत नाही. तिच्यासाठीच तर हॉस्टेलवर उतरायचं. नुसतं झोपायचं असेल तर थोडी भर घालून म्हापशात लॉजची स्वतंत्र खोली मिळते. पण काही हॉस्टेलांत संगत जागेतच मिळते, काही ठिकाणी ती रोज संध्याकाळी विकत घ्यावी लागते. बुकिंग करण्याआधी हा फरक ओळखता आला, तर बाकीचं सोपं आहे.

घरच्यांच्या मनात ‘हॉस्टेल’ म्हटलं की कॉलेजचं वसतिगृह येतं. त्यांना मी थ्री टियरचा डबा आठवायला सांगते. अनोळखी माणसांबरोबर एका डब्यात आपण वर्षानुवर्षं झोपत आलो आहोत. इथे तसाच वर-खाली बेड असतो, फक्त प्रत्येकाला पडदा, दिवा, चार्जिंगचा प्लग आणि खाली लॉकर. खोलीचं नव्हे, बेडचं भाडं द्यायचं. बाथरूम सामायिक, बसायची खोली सामायिक. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत रिचर्ड शिरमान या शिक्षकानं १९१२मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल उघडलं, तेही पायी भटकणाऱ्या मुलांना स्वस्तात रात्र काढता यावी म्हणून. आपल्याकडे २०१३मध्ये जोधपूरला झोस्टेल सुरू झालं आणि पुढच्या दहा वर्षांत गोव्यात किनाऱ्याकिनाऱ्यानं अशी हॉस्टेलं उभी राहिली.

आता भाव. गोव्यात वातानुकूलित खोलीतला बरा बेड आडदिवशी ५०० ते ९०० रुपयांत मिळतो. शुक्रवार-शनिवारी त्यात दोन-तीनशे चढतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ८०० ते १,४०० धरा. नाताळच्या आदल्या दिवसापासून २ जानेवारीपर्यंत तोच बेड दोन हजारांच्या वर जातो आणि बहुतेक ठिकाणी किमान तीन रात्रींचं बुकिंग मागतात. पावसाळ्यात ४०० ते ६०० रुपयांत काम होतं. हे आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत. जायच्या आठवड्यातले भाव स्वतः बघायचेच.

ॲपवरच्या आकड्यात कर धरलेला आहे की नाही, हे शेवटच्या पानावर कळतं. २२ सप्टेंबर २०२५पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे कुणी जुन्या दरानं १२ टक्के लावत असेल तर बिल तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा. नोंदणीची मर्यादा न ओलांडलेली छोटी हॉस्टेलं थेट घेतलेल्या बेडवर कर लावतच नाहीत. ॲपनं लावलेली ‘सुविधा फी’ हा कर नव्हे, तो ॲपचा स्वतःचा आकार आहे. हॉस्टेलला थेट फोन केला तर तो वाचतो आणि बऱ्याचदा वर थोडी सूटही मिळते. हॉस्टेलवर्ल्डसारख्या साइटवर बुकिंग करताना साधारण १५ टक्के रक्कम आधी कापली जाते आणि उरलेली तिथे पोचल्यावर द्यायची असते. हे माहीत नसलं की काउंटरवर ‘मी तर पैसे भरले’ असा वाद होतो.

बुकिंगबद्दल माझा एक पक्का नियम आहे: पहिल्या दोनच रात्री घ्यायच्या. ‘रद्द केल्यास पैसे परत नाहीत’ हा दर दहा टक्क्यांनी स्वस्त दिसतो, पण पाच रात्री अडकल्या आणि खालच्या मजल्यावर पहाटे चारपर्यंत गाणी वाजत असली, तर ते दहा टक्के फार महाग पडतात. जागा आवडली तर तिथेच मुक्काम वाढवता येतो. नाताळात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना मात्र याच्या उलट करा. सगळ्या रात्री आधी घ्या, कारण वाढवायला बेड उरत नाही.

किती बेडची खोली घ्यायची? चार बेडची महाग, दहा-बारा बेडची स्वस्त, फरक दीड-दोनशेचा. मी सहा बेडची घेते. चार जणांत दोघं आधीपासूनचे मित्र निघाले की आपण परके ठरतो आणि बारा जणांत रात्रभर कुणीतरी बॅगेची चेन उघडत असतं. बायकांसाठी वेगळी खोली बहुतेक ठिकाणी असते. तिला शंभर-दीडशे रुपये जास्त पडतात. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीनं ते निःसंकोच द्यावेत. झोप शांत लागली तरच दुसऱ्या दिवशी माणसांत मिसळावंसं वाटतं. बेड निवडता आला तर खालचा घ्या, दारापासून आणि बाथरूमपासून लांबचा. वरच्या बेडवर मध्यरात्री शिडी उतरताना लोखंड कुरकुरतं, गादीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरचा आवाज होतो, खालचा माणूस कूस बदलतो आणि मग पहाटेपर्यंत आपण पाणी प्यायलाही उठत नाही.

आता मुख्य गोष्ट, संगत. हॉस्टेलची माहिती वाचताना मी आधी बेडचे फोटो बघत नाही, बसायच्या जागेचे बघते. तिथे एक लांब टेबल आहे की चार-चार खुर्च्यांची सुटी टेबलं? लांब टेबल असेल तर एकटा आलेला माणूस टोकाला बसला तरी पंगतीत असतो. सुट्या टेबलांवर प्रत्येक टोळी आपापली. दुसरं, स्वयंपाकघर पाहुण्यांना वापरता येतं का? तिसरं, एकूण बेड किती? वीस ते चाळीस बेडच्या जागेत दुसऱ्या सकाळी चेहरे ओळखीचे होतात. शंभर बेडच्या जागी रोज नवी जत्रा असते. आणि चौथं, अभिप्राय वाचताना एकट्यानं राहिलेल्यांचेच वेगळे काढून वाचा. त्यांत तिथल्या माणसांची नावं घेऊन कौतुक असेल, ‘अमक्यानं आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं’ असं काही असेल, तर ती जागा धरा. नुसता ‘पार्टी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिथली संगत बारच्या बिलावर छापून येणार हे समजा.

एवढं करून फोन लावा. मी तीन प्रश्न विचारते. रात्री आवाज किती वाजता बंद होतो? एकट्या आलेल्यांसाठी संध्याकाळी काय असतं आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? स्वयंपाकघर आज सुरू आहे का? हा ‘आज’ महत्त्वाचा आहे. एका ठिकाणी फोटोत छान ओटा, दोन शेगड्या, मसाल्याच्या बरण्या दिसत होत्या. पोचले तर दाराला कुलूप आणि शेजारी त्यांचाच कॅफे, जिथे पोह्यांची बशी १८० रुपयांना होती. तिथे मी तीन दिवसांत जेवणावर जेवढे पैसे घातले, तेवढ्यात आणखी तीन रात्री राहून झालं असतं.

याच्या उलट पाळोळ्याची एक संध्याकाळ. पावसाळा संपत आला होता, हॉस्टेलवर आम्ही जेमतेम आठ जण. सातच्या सुमाराला पुण्याची एक आर्किटेक्ट ओट्यापाशी कांदा चिरत उभी होती. तिनं सहज विचारलं, ‘डाळ टाकतेय, कोण कोण आहे?’ केरळचा एक नर्स नारळ खवायला बसला. जर्मनीहून आलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी तांबडी भाजी निवडायला घेतली. प्रत्येक देठ ते दिव्याकडे धरून बघत होते, किडका पाला बाजूला ठेवत होते आणि दर दोन मिनिटांनी ‘हे चालेल?’ असं खुणेनं विचारत होते. मी बाजारातून पोय, म्हणजे गोव्याचा पाव, आणली. डाळ, भात, खोबरं घातलेली भाजी, पोय आणि शेवटी केळी, सगळं मिळून ७२० रुपये, माणशी ९०. जेवण साडेनऊला संपलं आणि आम्ही उठलो साडेबाराला. ते शिक्षक दुसऱ्या दिवशी निघाले, आजही दिवाळीला त्यांचा संदेश येतो. फुकट मिळणारी संगत म्हणजे मी हेच म्हणते.

बाहेर जेवायला जायचं झालं तर ऑर्डर देण्याआधीच म्हणा, ‘टीटीएमएम करूया का?’ तुझं तू, माझं मी. अमराठी मंडळींनाही हे आता कळतं, नाही कळलं तर एका वाक्यात सांगता येतं. आधी म्हटलं तर कुणाला वाईट वाटत नाही, बिल आल्यावर म्हटलं तर सगळ्यांनाच अवघडतं. जे पीत नाहीत, मासे खात नाहीत, त्यांच्यासाठी हे एक वाक्य रोजचे चार-पाचशे रुपये वाचवतं. हॉस्टेलनं आखलेल्या ‘पब क्रॉल’चे, म्हणजे एकामागून एक बार फिरण्याचे, पाचशे ते हजार रुपये द्यायच्या आधी त्यात काय काय धरलं आहे ते विचारा, प्रवेश आणि प्रवास दोन्ही नसतील तर तो खर्च फक्त सुरुवातीचा आहे. पणजीत फोंतेन्यासच्या गल्ल्यांतून सकाळी चालत फिरायला बरीच हॉस्टेलं पाहुण्यांना फुकट किंवा स्वखुशीच्या पैशांवर नेतात. ओळखी व्हायला तो दीड तास रात्रीच्या क्लबपेक्षा कितीतरी चांगला; चालताना निदान एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.

कुठे उतरायचं हे कशी संगत हवी त्यावरून ठरवा. हणजूण-वागातोरला हॉस्टेलांची गर्दी सगळ्यांत जास्त, आवाजही जास्त. ज्यांना रात्र हवी आहे त्यांनी तिथे जावं. पणजीत बस, भाजी-पाव, बाजार, फेरी सगळं पायी जाण्याच्या अंतरावर आहे, वाहन लागत नाही. माझ्या मते पहिल्या एकट्या प्रवासाला पणजीच घ्यावी. काणकोणात पाळोळे शांत, रेल्वे स्टेशन तीन-एक किलोमीटरवर, आणि तिथे आलेली माणसं चार-चार दिवस राहतात, त्यामुळे ओळख मुरते. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. गोव्यातल्या घरगुती खानावळी तेव्हा दोन-तीन दिवस बंद असतात. स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल त्या आठवड्यात फार उपयोगी पडतं.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. मुंबईहून स्लीपरचं तिकीट ४०० ते ४५० रुपयांच्या आसपास पडतं. १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या गाड्या त्याच सकाळी भरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, हॉस्टेलच्या चेक-इनशी ते जुळवून बघा. पहाटे पोचलात तर बेड दुपारी एक-दोनलाच मिळतो, पण बॅग ठेवून घ्यायला आणि बसायच्या खोलीत टेकायला सहसा कुणी ना म्हणत नाही. थिवीहून थेट टॅक्सी करू नका. बस किंवा रिक्षानं म्हापसा गाठा, तिथून हणजूणची बस वीस-पंचवीस रुपयांत मिळते. बॅग एकच असेल तर पायलट, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, सोयीची. बसण्याआधी भाडं ठरवा. संध्याकाळी सात-साडेसातनंतर किनाऱ्याकडच्या बस विरळ होतात, म्हणून पहिल्या दिवशी उजेडात पोचणं हीच मोठी बचत.

स्कूटर दिवसाला ३०० ते ५०० रुपये, सीझनला त्याहून जास्त. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. ती भाड्यानं द्यायला परवाना असलेली असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पन्नास रुपयांनी स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवलं तर दंड आणि वाद आपल्या गळ्यात. घेताना गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा, मालकाला दिसेल असा काढा. हेल्मेट मागून घ्या. हॉस्टेलवर ओळख झाली की दोघांत एक स्कूटर पुरते, म्हणून पहिल्या दिवशी घ्यायची घाई करू नका.

ओळखपत्राचं आधी नीट बघा. आधार, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पॅन कार्डवर पत्ता नसतो, त्यामुळे ते घेत नाहीत. कित्येक हॉस्टेलं स्थानिक पत्त्याच्या ओळखपत्रावर बेड देत नाहीत. मूळची पणजीची असलेली माझी मैत्रीण पुण्यात नोकरी करते, तिला याच कारणानं रात्री आठ वाजता दुसरी जागा शोधावी लागली. काही ठिकाणी वयाची वरची मर्यादा असते, चाळीस किंवा पंचेचाळीस. मी त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून फोनवर हे विचारायला विसरत नाही. मर्यादा नसलेल्या जागा भरपूर आहेत आणि पन्नाशीतली माणसं तिथे मजेत राहतात.

घरून नेलेल्या चार वस्तू रोजचे शंभर-दोनशे वाचवतात: मध्यम आकाराचं कुलूप, पातळ पंचा, कानात घालायचे बोळे आणि पाण्याची बाटली. लॉकरमध्ये पैसे, लॅपटॉप आणि ओळखपत्र रोज ठेवायचं, ‘इथे सगळे चांगलेच आहेत’ असं वाटलं तरी ठेवायचं. खोलीतल्या कुणाचा त्रास झाला तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी काउंटरवर जा, बेड किंवा खोली बदलून मागा. टाळाटाळ झाली तर ११२ फिरवा. नव्या ओळखीचं कुणी अमली पदार्थ पुढे केले तर उठून निघून या. तिथे नुसतं बसून राहण्याची किंमतही फार मोठी असू शकते.

सगळं जोडून बघू. आडदिवसांतल्या तीन रात्री, मुंबईहून. रेल्वे ९००, स्टेशनची ये-जा बस आणि पायलटनं ३००, बेड ७०० रुपयांप्रमाणे २,१०० आणि त्यावर कर १०५, जेवण-नाश्ता रोजचे पाचशे धरून चार दिवसांचे २,०००, दोन दिवस स्कूटर आणि पेट्रोल १,१००, आणि संगतीसाठी म्हणून वेगळे काढून ठेवलेले ८००. एकूण ७,३०५. वर हजार रुपये अडीअडचणीला. संगतीचे ८०० मी मोबाइलच्या वेगळ्या वॉलेटमध्ये टाकते. ते संपले की त्या संध्याकाळी ओट्यापाशी.

दोघं जात असाल तर हाच हिशेब बदलतो. ९०० रुपयांचे दोन बेड १,८०० होतात आणि तेवढ्यात आडदिवशी स्वतंत्र खोली मिळते. तिघं असाल तर घरगुती निवास बघा. हॉस्टेल परवडतं ते एकट्याला. झोप अगदी सावध असेल, किंवा रात्रपाळीचं ऑनलाइन काम असेल, तर एकट्यानंही त्याच हॉस्टेलमधली खासगी खोली घ्यावी. पैसे दुप्पट लागतात, पण लांब टेबल आणि ओटा तोच मिळतो.

निघायच्या दिवशी चेक-आउट दहा-अकराला, गाडी संध्याकाळची. बॅग ठेवायचे पैसे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. निघण्याआधी आंघोळ करायची असेल तर पन्नास-शंभर रुपये पडतात, सकाळीच विचारून ठेवा. अनामत घेतली असेल तर काउंटरवर उभं राहूनच परत घ्या, ‘नंतर पाठवतो’ हे मान्य करू नका. माझे ५०० रुपये असे दोन आठवडे अडकले होते. मग स्वयंपाकघरात एक चक्कर टाका. बऱ्याच हॉस्टेलांत एका फळीवर ‘कुणीही घ्या’ असं लिहिलेलं असतं. उरलेलं तेल, मीठ, अर्धी डाळ तिथे ठेवा आणि पिशवीवर आजची तारीख घाला.